हित्ती साम्राज्याचा उदयास्त व हत्तुशाचें दप्तर

प्राचीन साम्राज्यांचे उदयास्त आपणांस बहुधा त्यांच्या शत्रूंनीं किंवा मागाहून झालेल्या ग्रंथकारांनीं लिहिलेल्या वृत्तान्तांवरून कळतात. हित्ती साम्राज्याची गोष्ट निराळी आहे. आनातोलियांत, म्हणजे हल्लींच्या तुर्कस्तानांत, सुमारें साडेचारशें वर्षें नांदलेल्या ह्या सत्तेचें नांव पुढें बायबलांतील तुटक उल्लेखांपुरतें उरलें. ग्रीक इतिहासकारांस तर तिची वार्ताहि नव्हती. इ. स. १९०६ मध्यें ह्यूगो विंकलर व थिओडोर मक्रिदी यांनीं बोगाझकोय येथें उत्खनन आरंभिलें आणि राजधानी हत्तुशा हिचें दप्तरच हातीं आलें. तेथील मृत्तिकाफलक व त्यांचे तुकडे यांची संख्या आतां सुमारें ३०,००० भरते. लिपि बाबिलोनी कीलाकार, परंतु बहुतेक लेखांची भाषा अनोळखी होती. ती आर्यकुळांतील आहे हें बेद्रिच ह्रोझनी यानें इ. स. १९१५ मध्यें दाखविलें. तींतील ‘वातर’ म्हणजे पाणी व ‘एद्’ म्हणजे खाणें, हे शब्द पाहून ‘उदक’ व ‘अद्’ यांचें स्मरण संस्कृतज्ञास सहज होईल.

ह्या राज्याचा पाया इ. स. पू. १६५० च्या सुमारास पहिल्या हत्तुशिलीनें घातला. त्याचा वारस पहिला मुर्शिली यानें इ. स. पू. १५९५ च्या सुमारास थेट बाबिलोनवर घाला घालून तें लुटलें. पण स्वदेशीं परतल्यावर त्याच्याच मेहुण्यानें त्याचा खून केला. पुढें कित्येक पिढ्या राजघराण्यांत रक्तपात चालला. तो थांबविण्यासाठीं तेलिपिनु राजानें वारसाचा क्रम ठरविणारें शासन काढलें. पूर्वींच्या राजांच्या वेळीं आप्तांत एकी होती तोंवर राज्य वाढलें, आणि ती तुटतांच तें खचलें, असा सर्व इतिहास त्या शासनाच्या आरंभींच दिला आहे.

इ. स. पू. चौदाव्या शतकांत पहिल्या सुप्पिलुलिउमानें मितान्नीचें राज्य मोडून हित्ती सत्ता उत्तर सीरियापर्यंत नेली. मितान्नीचा शत्तिवाझा याच्याशीं झालेल्या तहांत साक्षीदार देवतांमध्यें मित्र, वरुण, इंद्र व नासत्य हीं नांवें येतात. आमच्याकडे त्यांवरून हित्तींनाच वैदिक ठरविण्याचा उत्साह कित्येकांस येतो, तो आवरला पाहिजे. हे देव मितान्नीच्या बाजूचे असून साक्षींच्या लांब यादींत इतर पुष्कळ देवांबरोबर आले आहेत. मितान्नीच्याच किक्कुलि नामक अश्वशिक्षकाच्या ग्रंथांतील ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंझ’, ‘सत्त’ हे संख्यावाचक शब्दहि त्याच बाजूस जातात.

दप्तराची व्यवस्था पाहिली म्हणजे जुन्या पोथ्या हाताळणारास विशेष आनंद होतो. फलकांच्या स्वतंत्र याद्या होत्या. त्यांत विषय, फलकसंख्या, ग्रंथ पुरा कीं अपुरा, आणि अमुक फलक सांपडला नाहीं, अशा नोंदी आहेत. कांहीं लेखांच्या शेवटीं, मूळ फलक झिजल्यामुळें पुन्हां नक्कल केली, असें लेखक स्वतःचें नांव घालून सांगतो. हें दप्तर केवळ शोभेचें नव्हतें. सुप्पिलुलिउमाच्या अखेरीस मिसरी कैद्यांबरोबर महामारी शिरली व ती सुमारें वीस वर्षें टिकली. त्याचा पुत्र दुसरा मुर्शिली यानें कारण शोधण्यासाठीं जुने फलक पाहिले. एकांत माला नदीस द्यावयाच्या बलींचा विधि निघाला, जो पुढें बंद पडला होता. दुसऱ्यांत मिसराशीं झालेला कुरुश्तमाचा करार निघाला, जो बापानें शपथ मोडून भंगला होता. कौल लावून मुर्शिलीनें बापाचा हा दोष देवांपुढें कबूल केला. राजानें बापाविरुद्ध दप्तराचा पुरावा मान्य केल्याचें इतकें जुनें उदाहरण विरळा.

इ. स. पू. १२७४ त कादेश येथें दुसऱ्या रामसेसशीं युद्ध व इ. स. पू. १२५९ च्या सुमारास तह झाला. तहाची एक प्रत कर्नाकच्या भिंतीवर आहे व दुसरी ह्या दप्तरांत निघाली. इतकी प्रबळ सत्ता पुढें पाऊणशें वर्षांत नाहींशी झाली.

तिच्या शेवटाविषयीं हत्तुशाचे फलक मुके आहेत. पुरावा इतरत्र आहे. मिसरच्या मेर्नेप्ताहनें हित्ती देश जगविण्यासाठीं गलबतांनीं धान्य पाठविल्याचें आपल्या शिलालेखांत म्हटलें आहे. उगारितच्या दप्तरांतील एका पत्रांत २,००० मापें धान्य वाहण्यास गलबत द्यावें, हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, अशी निकड आहे. अशा कागदास आमचे संग्राहक ‘किरकोळ’ म्हणून बाजूस सारतात! गॉर्डियन येथील प्राचीन काष्ठांच्या वलयांवरून इ. स. पू. ११९८ ते ११९६ च्या सुमारास लागोपाठ तीन वर्षें तीव्र अवर्षण झाल्याचें इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें आहे. शत्रूंनीं राजधानी एका धडाक्यांत जाळली हें जुनें मत आतां टिकत नाहीं. राजवाडा व देवळें जळालीं खरीं, पण मौल्यवान वस्तु तेथें फारशा मिळाल्या नाहींत. यावरून शेवटच्या दुसऱ्या सुप्पिलुलिउमाच्या काळीं दरबार चीजवस्तु घेऊन आधींच निघून गेला असावा, असें अनुमान होतें. तो कोठें गेला, हें कोणत्याहि फलकांत नाहीं. राजवंशाची एक शाखा मात्र युफ्रातीसकांठच्या कार्केमिश येथें राज्य करीत राहिली. तें शहर इ. स. पू. ७१७ त अश्शूरच्या दुसऱ्या सार्गोननें घेतलें.