स्पीड भरपूर, तरी गेम का अडकतो?

परवा प्रबंधाचा बॅकअप क्लाउडवर चढवत होतो, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून धाकटा ओरडला, "दादा, पुन्हा लॅग!" स्पीड टेस्टचा आकडा मात्र झकास. मग घोडं अडलं कुठे?

गेमला डेटा थोडाच लागतो, पण वेळेवर लागतो. माझी फाईल राउटरच्या बफरमध्ये आधीच रांग लावून बसली होती. समजा बफर १ मेगाबाइटचा आणि अपलोड सेकंदाला १० मेगाबिट, तर रांग सरायला ०.८ सेकंद लागतात. तोवर भावाची गोळी रांगेतच! याला 'बफरब्लोट' म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत मांडली. तिचं वेगळेपण असं, की रांगेची लांबी न मोजता पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजायचं.

वाय-फायची त्यात भर. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं, चॅनेल मोकळा दिसला तरच बोलतं. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच चॅनेलवर असले की हे थांबणं सतत कमी-जास्त होतं. हाच जिटर.

आता आपल्या कामाचं. ९९ पॅकेट २० मिलिसेकंदांत पोचली, एकाला ५०० लागले. सरासरी २४.८! तक्त्यात सुंदर दिसते, पण गेममध्ये भाऊ त्या एका पॅकेटपायीच मेला. म्हणून सरासरीसोबत सगळ्यात वाईट नोंदीही बघा. आणि मोजायला बसण्याआधी विचारा, त्रास नेमका कुठल्या आकड्यात दिसेल?

बॅकअपला मी वेगमर्यादा घातली. धाकटा आता गप्प आहे.