धोंडस होईपर्यंत एक गोष्ट!

"केक कशात करतात?" असं मी वर्गात विचारलं, की दहा-बारा हात एकदम वर होतात. "सर, ओव्हनमध्ये!" "सर, कुकरची शिट्टी काढून!" मग मी विचारतो, "आणि ज्या घरात ओव्हन नाही, कुकरही नाही, तिथे?" वर्ग गप्प. परवा मात्र शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "सर, माझी आजी चुलीवर धोंडस करते. तो पण केकच ना?"

शाब्बास! अगदी बरोबर बोललास!

मुलांनो, धोंडस म्हणजे आपल्या कोकणातला काकडीचा केक. श्रावण-भाद्रपदात आमच्या महाड-पोलादपूरकडे परसातल्या मांडवांवर मोठमोठी तवसं लोंबू लागतात. तवसं म्हणजे चांगली जून झालेली, जाड सालीची काकडी. कोशिंबिरीला ती फारशी कामाची नसते, पण धोंडसाला हवी तर तीच!

कृती सोपी आहे. आधी तवशाचा तुकडा चाखून बघायचा. कडू निघालं तर सगळी मेहनत फुकट! मग साल आणि बिया काढून किसायचं. दोन वाट्या कीस, वाटीभर तांदळाचा रवा, वाटीभर गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ आणि वेलची. रवा तुपावर खमंग भाजून घ्यायचा. कीस पाण्यासकट गूळ-खोबऱ्याबरोबर उकळायचा आणि त्यात रवा घालून घट्ट होईपर्यंत ढवळायचं. वेगळं पाणी मुळीच घालायचं नाही, तवशाचं पाणी रव्याला पुरतं. जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावून तळाशी हळदीचं पान अंथरायचं आणि मिश्रण ओतायचं. आता खरी गंमत! खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर रसरशीत निखारे. झाला आपला ओव्हन! ओव्हन तरी दुसरं काय करतो? पदार्थाला वरून-खालून सारखी आच देतो. गोव्यात बिबिंक करतानाही हीच युक्ती वापरत आले आहेत. एक थर भाजायचा, मग त्यावर दुसरा ओतायचा. (निखाऱ्यांचं काम मात्र मोठ्या माणसांचं बरं का! घरात चूल नसेल तर गॅसच्या अगदी मंद आचेवर, घट्ट झाकण ठेवून करा.)

धोंडस व्हायला तासभर तरी लागतो. मध्ये मध्ये झाकण उघडून बघायचं नाही. हळदीच्या पानाचा आणि गुळाचा वास घरभर सुटतो, पोटात कावळे ओरडतात आणि वेळ काही जात नाही! मग त्या तासाभरात करायचं काय? आमच्या घरी याचं उत्तर ठरलेलं आहे: धोंडस होईपर्यंत एक गोष्ट. चुलीसमोर बसायचं आणि कोणीतरी पुस्तक मोठ्यानं वाचायचं.

आमचं ठरलेलं पुस्तक म्हणजे साने गुरुजींचं 'श्यामची आई'. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत! रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा ४२ रात्री. श्याम रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणजे ते पुस्तकच मुळी सगळ्यांनी मिळून ऐकायचं! माझी प्रत मला लहानपणी शाळेत बक्षीस मिळाली होती.

आता एका वर्षाची गोष्ट सांगतो. २२ जुलै २०२१. महाडला सावित्री आणि गांधारीचं पाणी चढलं. आम्ही तळमजल्यावर राहायचो. बघता बघता पाणी खिडकीच्या वर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो म्हणून वाचलो. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. कितीतरी माणसं गेली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. पुस्तकांची पेटी उघडली, तर आत नुसता लगदा. 'श्यामची आई'ची पानं एकमेकांना चिकटली होती. ती आम्ही जमतील तेवढी सोडवली आणि दोरीवर चिमटे लावून वाळवली. पहिल्या काही रात्री मात्र गेल्याच.

बरोबर ५० दिवसांनी, १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावी आम्ही गेलो खरे, पण मन लागत नव्हतं. मी आईला म्हणालो, "यंदा धोंडस-बिंडस काही नको ग. साधी पूजा करू." आई म्हणाली, "आपण नको म्हणून तवसं धरायचं थांबलं का? आणि पोरांच्या तोंडात गोड काय घालशील?" लाकडं ओली होती. तिनं करवंट्या पेटवून निखारे केले आणि पातेलं चढवलं.

माझी लेक तेव्हा दुसरीत होती. ती लगेच म्हणाली, "बाबा, गोष्ट!" मी ते फुगलेलं, डागाळलेलं पुस्तक काढलं. गेलेल्या पानांतलं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. एके ठिकाणी गाडी अडली, काही केल्या आठवेना. तेव्हा चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "थांब, मी सांगते." आणि तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. पावसाळ्यात नदी उतरून, डोक्यावर भाताचं पेंड घेऊन ती माहेरी कशी गेली, त्याची गोष्ट. ती मी माझ्या उभ्या आयुष्यात कधी ऐकली नव्हती! पुस्तकाची पानं गेली नसती, तर कदाचित ऐकलीही नसती. लेकीनं ती तिच्या मोठ्या अक्षरात वहीत लिहून काढली आणि तो कागद पुस्तकात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

त्या वर्षी गावात जाखडी झाली नाही. आजूबाजूच्या गावांवर एवढं दुःख असताना ढोलकी कोण वाजवणार? टाळांवर फक्त आरती झाली. पण पुढच्या वर्षी गौरी आल्या, अंगणात फुगड्या रंगल्या आणि जाखडीचा फेरही सुरू झाला. मधे गाणारे आणि ढोलकीवाला, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे. मुंबईहून आलेले चाकरमानीही फेरात शिरले. दोन वर्षं थांबलेली ढोलकी कडाडली, तेव्हा आईनं डोळ्यांना पदर लावला.

परतताना आम्ही पोलादपूरला उतरलो. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजीमहाराजांवर 'शिवभारत' हे संस्कृत काव्य लिहिणारे ते हेच कवी. आज मिळतं ते 'शिवभारत' अपुरं आहे, असं मी लेकीला सांगितलं. ती चटकन म्हणाली, "बाबा, म्हणजे आपल्या पुस्तकासारखंच!"

मुलांनो, सहलीला फार लांब जायला लागत नाही. आमच्याकडे तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आहे, महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी जिथे सर्वांसाठी पाणी खुलं करण्याचा सत्याग्रह केला ते चवदार तळं आहे. तुमच्याही गावाजवळ असं काहीतरी असेलच. डबा बांधा, आजी-आजोबांना बरोबर घ्या आणि निघा!

आणि हो, या गणपतीत एक गृहपाठ. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "तुमच्या लहानपणी या दिवसांत काय करायचे?" तो पदार्थ त्यांच्या हाताखाली करून बघा. तो होईपर्यंत त्यांची एक गोष्ट ऐका आणि वहीत लिहून ठेवा.

पालकांनाही एक विनंती. त्या तासाभरात टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. धोंडस थोडं करपलं तरी चालेल. खरवड तर आमच्या घरी पहिली संपते!