धावपटूंचे जलसंतुलन
लांब पल्ल्याच्या धावण्याच्या सरावात घामावाटे जाणाऱ्या पाण्याची व लवणांची योग्य भरपाई करणे. स्नायूंत निर्माण होणारी उष्णता मुख्यत्वे घामाच्या बाष्पीभवनाने निघून जाते. उष्ण हवेत ताशी एक लिटरहून अधिक घाम येऊ शकतो. पाणी कमी पडल्यास रक्ताचे आकारमान घटते, नाडी जलद होते व शरीराचे तापमान चढते. याउलट तहानेपेक्षा फार अधिक पाणी प्याल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटून मेंदूस सूज येते व प्रसंगी मृत्यू ओढवतो. २००२ च्या बॉस्टन मॅराथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के धावपटूंत ते कमी आढळले. सरावापूर्वी व नंतर वजन करावे, एक किग्रॅ. घट म्हणजे सुमारे एक लिटर पाण्याची तूट होय. वजन वाढल्यास पाणी जादा झाले, असे समजावे.