पेटीवर छापायचा पत्ता: भाड्याचा की घरचा?

बागायतदार मंडळींनो, पाडव्याच्या सुमारास आंब्याच्या पेट्या भरायला लागल्या की हल्ली पुठ्ठ्यावर मोबाईल नंबरखाली आणखी एक ओळ दिसते. ती असते वेबसाईटच्या पत्त्याची. सगळा माल वाशीच्या गाळ्यावर टाकण्यापेक्षा पाच-पन्नास पेट्या मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट द्याव्यात, हा विचार चांगलाच आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परप्रांतीचा आंबा हापूस म्हणून खपतोच. त्यामुळे जाणते गिऱ्हाईक आता बागेचे नाव शोधून खात्री करून घेते.

तर वेबसाईट हवी, हे ठरले. पुढे वेबसाईट करून देणारा पोरगा विचारतो, "काका, सीएमएसवाली करायची ना? महिन्याच्या भाड्याने मिळते." काका मान डोलावतात. इथे जरा थांबा.

सीएमएस म्हणजे काय, तर साईटवरचा मजकूर सांभाळणारी व्यवस्था. साधी वेबसाईट हे छापून ठेवलेले हँडबिल समजा. एकदा तयार केले की मागेल त्याला तेच मिळते. बदल करायचा तर जाणकाराने मूळ फाईल उघडायला हवी. सीएमएसची साईट म्हणजे दूध डेअरीतला भावाचा फळा. पासवर्ड टाकला की खडू तुमच्या हातात. काल लिहिलेला भाव पुसा, आजचा लिहा, फोटो चिकटवा, कुणाला विचारायला नको. २००३ साली आलेले वर्डप्रेस हे यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. ते फुकट मिळते, पण आपल्या जागेवर बसवले तर त्याची देखभाल आपल्याच गळ्यात. नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी चढवल्या नाहीत तर साईटमध्ये चोर शिरतात आणि आंब्याच्या पानावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात. भाड्याच्या व्यवस्थेत हा ताप कंपनी सांभाळते. पैसे त्याचेच.

आता स्वतःला एकच गोष्ट विचारा. फळ्यावर रोज लिहिणार कोण? बागेचा पत्ता, कलमे किती, पिकवण्याची पद्धत, मानांकनाचा दाखला, फोन नंबर हा मजकूर वर्षात एकदासुद्धा बदलत नाही. बदलतो तो भाव, आणि तो सांगायला गिऱ्हाईक फोनच करते किंवा व्हॉट्सअॅपवर विचारते. पैसेही यूपीआयने येतात. एवढाच व्यवहार असेल तर दोन-तीन साध्या पानांची साईट पुष्कळ झाली. भाडे महिना ५०० रुपये धरले तरी वर्षाचे ६,००० होतात, आणि आपला हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने कोऱ्या फळ्याचे भाडे भरत बसायचे! त्यातून गेल्या मे महिन्यातला भाव यंदाच्या मार्चमध्येही तसाच लटकत असला तर गिऱ्हाइकाला वाटते, बाग विकली की काय.

पण दुसरी बाजूही आहे. पंचवीस-तीस बागायतदारांची उत्पादक कंपनी असेल, आंब्याबरोबर काजूगर, कोकम, फणसपोळी वर्षभर विकायची असेल, दहा ठिकाणांहून ऑर्डरी येऊन किती डझन शिल्लक हे रोज बदलत असेल, आणि ऑफिसात दोन माणसे नोंदी करायला बसलेली असतील, तर भाड्याची व्यवस्था खुशाल घ्या. तिथे फाईल उघडून देणाऱ्या पोराच्या मागे फिरणेच महाग पडेल. कृषी पर्यटनवाल्यांचेही तसेच. खोल्या कोणत्या तारखेला रिकाम्या, हे रोज सांगावे लागते.

घेणार असाल तर बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा. वर्डप्रेस डॉट कॉमवरचा मजकूर बाहेर काढून दुसरीकडे नेता येतो. विक्सवर बांधलेली साईट जशीच्या तशी उचलून नेता येत नाही, नवीन घर पहिल्या विटेपासून बांधावे लागते. फुकट मिळते त्याचीही गत पाहा. गूगलने छोट्या धंदेवाल्यांना त्यांच्या नोंदीबरोबर एक पानाची साईट फुकट दिली होती. मार्च २०२४ मध्ये, ऐन हापूसच्या तोंडावर, ती बंद केली. १० जूनपर्यंत जुना पत्ता गूगलच्या नोंदीकडे वळत होता, पुढे तोही बंद. ज्याने तो पत्ता पेटीवर छापला असेल त्याचे पुठ्ठे रद्दीत गेले म्हणायचे.

म्हणून पान कुठेही ठेवा, पण नाव स्वतःचे घ्या. ते विकत मिळत नाही, वर्षावर्षाने नूतनीकरण करून राखावे लागते. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. आणि मुख्य म्हणजे नोंद कोणाच्या नावावर, कोणाच्या ईमेलवर, कोणाच्या मोबाईलवर आहे हे डोळ्यांनी बघा. पुष्कळदा ती साईट करून देणाऱ्याच्याच नावावर असते. तो पुण्याला नोकरीला गेला की तुमचा सातबारा त्याच्या खिशात! नाव हातात असले तर साधी साईट पुढे सीएमएसवर नेता येते, पेटीवरचा पत्ता बदलावा लागत नाही.

आणखी एक. मजकूर युनिकोड मराठीत लिहून घ्या. डीटीपीच्या जुन्या फाँटातला मजकूर मोबाईलवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो, आणि पोस्टरचा नुसता फोटो चिकटवला तर त्यावरची अक्षरे शोधयंत्राला धड वाचता येतील याचा भरवसा नसतो.

हे सगळे मार्चमध्ये काढू नका. तेव्हा तुम्हालाही सवड नसते आणि त्या पोरालाही. कल्टार घालून झाले की मोहोराच्या फवारण्या सुरू होईपर्यंत दीड-दोन महिने हाताशी असतात, तेवढ्यात उरकून घ्या. पुठ्ठ्याची ऑर्डर त्यानंतर द्या.