स्तनातील गळू : सुई आणि सोनोग्राफीचा उपाय

बुलढाणा जिल्ह्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अद्याप टिकून आहे. तेथे बाळंतिणीच्या स्तनात ठणका उठला, ताप भरला, तरी वडीलधाऱ्यांसमोर ती संकोचाने गप्प राहते. साठलेल्या दुधाची सूज वेळीच उतरली नाही आणि स्तनाग्राच्या भेगेतून जंतू शिरले, की पू धरतो.

पूर्वी भूल देऊन मोठी चीर, जखमेत गॉज, रोजचे ड्रेसिंग आणि कायमचा व्रण हाच उपाय असे. बाळाचे अंगावरचे दूध अनेकदा तेथेच तुटे. आता वरची त्वचा शाबूत असेल व गळू फार मोठे नसेल, तर जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईने पू ओढून घेतात. तो तपासला म्हणजे कोणते प्रतिजैविक लागू पडेल ते कळते. पू पुन्हा साचू शकतो. म्हणून दोन-तीन दिवसांनी परत दाखवावे लागते. संग्रामपूर वा लोणारकडील खेड्यांतून या खेपा सोप्या नाहीत, आणि उपचार अर्धवट सुटण्याची भीती असते ती येथेच. गळू सुमारे ५ सेंटिमीटरहून मोठे असल्यास बहुधा बारीक नळी ठेवतात किंवा लहान चीर घेतात; त्वचा काळवंडली असेल तर चीरच योग्य. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गळवात क्षयरोगाचीही तपासणी करतात.

या काळात स्तनपान सहसा थांबवू नये. दूध अडले की सूज वाढते. पाजणे असह्य झाल्यास दूध हलक्या हाताने पिळून काढावे, जोराने चोळू नये. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. सासरी-माहेरी बोलवत नसेल, तर ते दुखणे तिच्या कानावर घालता येते.