नारा लांब, कान्हेरी जवळ

जपानच्या नारा शहरातील उद्यानात हरणे माणसाच्या हातून बिस्किटे खातात. तेथेच तोदाई-जी विहार आहे. त्यातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन इ.स. ७५२ मध्ये भारतातून गेलेल्या भिक्खू बोधिसेनांनी केले. हरणांचा मान मात्र शेजारच्या कासुगा या शिंतो देवस्थानामुळे आहे, तो आपण ओढूनताणून आपल्याकडे घेऊ नये. आपला मृगदाय सारनाथचा, जेथे तथागतांनी पहिला उपदेश केला.

आम्हा पनवेलकरांना नारा परवडत नाही, बोरिवली परवडते. तेथील राष्ट्रीय उद्यानात चितळेही आहेत आणि कान्हेरीची शंभराहून अधिक लेणीही. शिलालेख वाचले की ऊर भरून येतो. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिली, एका लोहाराने वाट बांधून दिली. लेणी राजांनीच खोदविली असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

आणि याच भिंतींवर पोरे बाण मारलेला बदाम काढून नावे कोरतात! संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोरणाऱ्यांत आपलीही मुले असतात, हे आम्ही स्पष्टच सांगतो. संविधानाच्या कलम ५१अ मध्ये वारसा जपणे आणि प्राणिमात्रांवर दया करणे ही कर्तव्ये लागोपाठ आली आहेत. तेव्हा चितळांना वेफर्स घालू नका, ते नाऱ्याचे माणसाळलेले हरिण नव्हे.

उद्यान सोमवारी बंद असते. उपासक-उपासिकांनी रविवार धरावा, पाणी सोबत घ्यावे.