दक्षिण आशिया संग्रह, शिकागो विद्यापीठ ग्रंथालय

शिकागो विद्यापीठ ग्रंथालयातील दक्षिण आशिया संग्रह हा भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका या देशांतील भाषांमधील आणि या देशांविषयीच्या ग्रंथांचा अमेरिकेतील एक प्रमुख विद्यापीठीय संग्रह आहे. तो विद्यापीठाच्या जोसेफ रेगेन्स्टाइन ग्रंथालयात ठेवलेला आहे. मराठीच्या अनेक अभ्यासकांचा या ग्रंथालयाशी नित्याचा संबंध येतो, पण बहुतेकांना त्याची जाणीव नसते. मोल्सवर्थचा किंवा दाते-कर्वे यांचा शब्दकोश आंतरजालावर उघडला की जे पान समोर येते, ते बहुधा याच विद्यापीठाचे असते.

पार्श्वभूमी

शिकागो विद्यापीठाची स्थापना १८९० साली झाली. संस्कृतचे अध्यापन तेथे प्रारंभीच्या काळापासून होते. आधुनिक भारतीय भाषांकडे मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५०च्या दशकात लक्ष वळले. अभ्यासक्रम सुरू झाले, अध्यापक आले, परंतु त्या भाषांतील पुस्तके हाताशी नव्हती. जी होती त्यांतील काही तळघरात नोंदणीविना पडून होती.

त्या स्थितीतील एक प्रसंग भाषांतराच्या इतिहासात नोंदला गेला आहे. कवी व भाषाशास्त्रज्ञ ए. के. रामानुजन १९६२ मध्ये शिकागोस आले. प्राचीन तमिळचे एखादे प्राथमिक व्याकरण मिळते का, हे पाहण्यासाठी ते तत्कालीन हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात गेले असता 'कुरुंतोगै' या संगमकालीन काव्यसंग्रहाची प्रत त्यांच्या हाती लागली. त्यातून पुढे 'द इंटीरियर लँडस्केप' (१९६७) हे त्यांचे भाषांतर सिद्ध झाले. रामानुजन यांची कागदपत्रे आज त्याच ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात आहेत.

गव्हाचे रुपये

संग्रहाची खरी वाढ झाली ती अन्नधान्याच्या व्यवहारातून. १९५४ च्या अमेरिकी कायद्यानुसार (सार्वजनिक कायदा ४८०, भारतात 'पीएल ४८०' म्हणून परिचित) अमेरिकेने अतिरिक्त गहू भारताला विकला आणि त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत स्वीकारली. हे रुपये बाहेर नेता येण्यासारखे नसल्याने त्यांचा विनियोग प्रामुख्याने भारतातच करावा लागे. १९५८ मध्ये काँग्रेस-सदस्य जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीमुळे या रकमेतून ग्रंथखरेदी करण्याची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाली आणि १९६२ मध्ये तिचे कार्यालय नवी दिल्लीत सुरू झाले. तेथून निवडलेल्या पुस्तकांच्या प्रती शिकागोसह सहभागी विद्यापीठांकडे रवाना होत. रेशनच्या लाल गव्हाची आठवण महाराष्ट्रातील एका पिढीला आहे. त्याच गव्हाच्या मोबदल्यात पुण्या-मुंबईची पुस्तके शिकागोच्या कपाटांत गेली, हे त्या पिढीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

या पद्धतीचे गुणदोष दोन्ही ध्यानात घेण्याजोगे आहेत. निवड विद्यापीठात नव्हे, तर दिल्लीत होत असे आणि सहभागी ग्रंथालयांकडे बव्हंशी तीच ती पुस्तके जात. एरवी कोणत्याही प्राध्यापकाने मागवली नसती अशी पुस्तकेही त्यामुळे जपली गेली. मात्र पुस्तके येण्याचा वेग ती नोंदवण्याच्या वेगापेक्षा अधिक होता. शिवाय जे पुस्तकविक्रेत्यांच्या साखळीत आले नाही, ते संग्रहातही आले नाही. खेड्यापाड्यांतील छापखान्यांत निघालेल्या पुस्तिका, जलशांची चोपडी, जातिसंस्थांची मासिके यांसारखे साहित्य अशा साखळीतून सहज निसटते. हा निधी संपल्यावर हीच व्यवस्था सहकारी तत्त्वावर पुढे चालू राहिली. खर्च मात्र विद्यापीठांना स्वतः उचलावा लागला.

ग्रंथपाल आणि वाचक

अशा संग्रहासाठी अमेरिकी विद्यापीठांत विषयतज्ज्ञ ग्रंथपाल नेमण्याची प्रथा आहे. खरेदी ठरवणे हे त्याच्या कामाचे एक अंग झाले. नव्या विद्यार्थ्यांना संग्रहाची ओळख करून देणे, वर्गात जाऊन संदर्भसाधनांचा परिचय घडवणे, संशोधकाला त्याच्या प्रश्नापुरती वाट दाखवणे हेही त्याचेच काम असते. शिकागोत हे पद दीर्घकाळ मॉरीन पॅटरसन यांनी सांभाळले. त्या स्वतः महाराष्ट्राच्या अभ्यासक होत्या. चित्पावन ब्राह्मण समाजाच्या व्यवसायांतील बदलांवर त्यांनी संशोधन केले. त्यांची 'साउथ एशियन सिव्हिलायझेशन्स' (१९८१) ही सुमारे २८ हजार नोंदींची विषयवार ग्रंथसूची संगणकपूर्व काळात विद्यार्थ्यांचा मोठा आधार होती.

वाचकापुढची एक अडचण आजही कायम आहे. अमेरिकी ग्रंथालयांच्या तालिकांत मराठी शीर्षके रूढ इंग्रजी स्पेलिंगनुसार लिहिली जात नाहीत. त्यासाठी ठरावीक रोमन लिप्यंतर वापरले जाते. त्यात 'च' केवळ 'सी' या एका अक्षराने, तर 'छ' हा 'सी-एच'ने दर्शवतात. उच्चारात नसलेला अंत्य 'अ'ही लिहितात, म्हणजे 'पुस्तक'च्या शेवटी 'ए' येतो. परिणामी, 'चरित्र' हा शब्द आपल्या सवयीप्रमाणे 'सी-एच'ने टाकणाऱ्यास पुस्तक नाही असे वाटते, आणि ते तर कपाटात असते. हे एवढे साधे गमक माहीत असले, तरी निम्मे शोध यशस्वी होतात.

पुस्तके जागेवरच ठेवण्याचा निर्णय

दूर देशीच्या श्रीमंत विद्यापीठाने पुस्तके उचलून न्यावीत काय, हा प्रश्न १९९०च्या दशकात शिकागोपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. तमिळनाडूतील कोट्टैयूर येथील रोजा मुथय्या चेट्टियार हे व्यवसायाने फलक रंगवणारे कलावंत. त्यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, नियतकालिके, नाटकांच्या जाहिराती, निमंत्रणपत्रिका असे साहित्य जमवले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हा संग्रह शिकागो विद्यापीठाने विकत घेतला. मात्र तो अमेरिकेस न नेता १९९४ मध्ये चेन्नई येथे रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय स्थापन करण्यात आले. मूळ ग्रंथ तमिळनाडूतच राहिले. त्यांची सूची करणे व सूक्ष्मपट काढणे ही कामेही तेथेच स्थानिक कर्मचाऱ्यांनी केली. पूर्वी पुस्तक जात असे आणि मूळ गावी काहीच उरत नसे; येथे पुस्तक राहिले आणि प्रत गेली. हा फरक दिसायला लहान असला तरी परिणामांच्या दृष्टीने मूलगामी आहे.

याच धर्तीवर हैदराबाद येथील अब्दुस समद खान यांचा उर्दू संग्रह सुंदरय्या विज्ञान केंद्रात ठेवण्यात आला. ऑगस्ट २०००च्या पुरात तो पाण्याखाली गेला आणि पुढे त्याच्या वाळवणीचे व दुरुस्तीचे दीर्घ काम करावे लागले. संग्रह जागेवर ठेवायचा तर इमारत, तळघर आणि पाण्याचा निचरा यांचीही जबाबदारी घ्यावी लागते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

शब्दकोश

विद्यापीठाबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचण्याचे ग्रंथालयाचे सर्वांत यशस्वी साधन म्हणजे 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी' हा प्रकल्प. शिकागोतीलच 'सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज' या संस्थेच्या सहकार्याने तो उभा राहिला. त्यावर 'इम्पीरियल गॅझेटियर', जुने नकाशे, छायाचित्रे तसेच ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या काळातील ध्वनिमुद्रणे आहेत. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांतील कोशविभाग सर्वाधिक मोलाचा. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, श्रीधर गणेश वझे यांचा 'आर्यभूषण' शालेय कोश (१९११), यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे व सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', मॅक्सीन बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश तेथे विनामूल्य पाहता येतात.

कोणत्या कामासाठी कोणता कोश घ्यावा, याचे तारतम्य मात्र वाचकानेच ठेवावयाचे आहे. महानुभाव गद्यातील किंवा ज्ञानेश्वरीतील शब्दासाठी तुळपुळे-फेल्डहाउस, एकोणिसाव्या शतकातील बोली व म्हणींसाठी मोल्सवर्थ, तर वाक्प्रचार आणि प्रांतिक रूपांसाठी दाते-कर्वे. ज्या तालुक्याच्या गावी या जाड खंडांचा पूर्ण संच कधी पोहोचला नाही, तेथील विद्यार्थ्याला आज ते भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहेत.

खुलेपणाची मर्यादा

कोश खुले झाले, तसा 'पीएल ४८०'तून आलेला मराठी ग्रंथसंग्रह खुला होऊ शकलेला नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ही मुदत मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून मोजली जाते. म्हणजे १९७० मध्ये निधन झालेल्या लेखकाचे पुस्तक १ जानेवारी २०३१ रोजी मुक्त होईल. १९६० व १९७०च्या दशकांत शिकागोस गेलेल्या पुस्तकांपैकी अनेकांचे लेखक त्यानंतरही दीर्घकाळ हयात होते. त्यांच्या पुस्तकांच्या बाबतीत वाचकाला प्रत्यक्ष रेगेन्स्टाइनच्या कपाटापर्यंत जावे लागते, किंवा आंतरग्रंथालयीन देवघेवीवर अवलंबून राहावे लागते.